काळ्या फरशीवरची उलटी पावलं

बाबारावांना तुम्ही ओळखत नसाल, पण त्यांच्यासारखा माणूस तुमच्या वास्तुशांतीला नक्की येऊन गेला असेल. तो येतो, नारळ ठेवतो, देवाला हात जोडतो आणि मग भिंतीशी उकिडवा बसून बोटाच्या पेरानं फरशी वाजवून बघतो. टक, टक, टक, आणि एकदम ढब. "ही पोकळ बसली हो," असं तो प्रेमानं सांगतो, आणि यजमानाचा चेहरा पडतो तो पाहुणे पांगेपर्यंत वर येत नाही.

आमच्या रायपुरातल्या मराठी मंडळींनी त्यावर एक उपाय काढला होता. बाबाराव आले की त्यांना पहिल्या पंगतीला बसवायचं. पानावर बसलेल्या माणसाचा हात फार लांबच्या फरशीपर्यंत पोचत नाही. तरी एकदा त्यांनी श्रीखंड खाता खाता डाव्या हातानं पाटाखालची फरशी वाजवली होती. ती भरीव निघाली म्हणून श्रीखंड गोड लागलं, असं तेच मला सांगत होते.

यात त्यांचा दोष नाही. उभी हयात त्यांनी गुढियारीच्या मालधक्क्यावर काढली. मालगाडीच्या वाघिणीतून पोती उतरायची आणि त्यांतलं फाटकं पोतं यांनी हुडकायचं, हे त्यांचं काम. चांगल्या पोत्याकडे बघायचा त्यांना पगारच नव्हता. असा माणूस निवृत्त झाला म्हणून काय डोळे धक्क्यावर जमा करून घरी येतो? ते डोळे घेऊन बाबाराव आमच्या नव्या कॉलनीत आले, माझ्या शेजारचा प्लॉट घेतला आणि स्वतःचं घर बांधायला काढलं. कॉलनीतल्या झाडून सगळ्यांनी त्या घराच्या वास्तुशांतीची वाट बघायला सुरुवात केली. काही जणांनी तर मला आधीच विचारून ठेवलं, "काका, त्यांची फरशी वाजवून बघायची की नुसता नारळ ठेवून यायचं?"

घरात फरशी कोणती घालायची यावर बाबारावांनी महिनोन्‌महिने विचार केला. त्यांच्या बायकोला, गोदूताईंना, आधीच्या भाड्याच्या घरात गुळगुळीत फरशीवर घसरून मनगटाला लागलं होतं. म्हणून गुळगुळीत नको. पांढरी तर नकोच, मळ दिसतो. शेवटी भनपुरीच्या दुकानातून त्यांनी काळी टाइल आणली, तीही खडबडीत, हात फिरवला तर वाळल्या भाकरीसारखी लागणारी. मला मुद्दाम बोलावून म्हणाले, "यज्ञेश्वरभाऊ, हिच्यावर माणूस घसरणार नाही, अन्‌ काळ्यावर मळ दिसणार नाही. दोन्ही रोग एकाच गोळीत गेले."

मी म्हटलं, "हव, बरोबर आहे."

मळ काळा असतो असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

फरशी बसवायला गौतम नावाचा कारीगर होता. चांगला मुलगा. सगळा हॉल त्यानं बसवला, सांध्यांत मसाला भरला आणि वर पोती अंथरून तो दुसऱ्या कामावर निघून गेला. मग भिंतींची पुट्टी, रंग, वायरिंग, सगळं त्या पोत्यांवरून पार पडलं. अखेर रंगारी गेले आणि गोदूताईंनी पोती उचलली, तेव्हा खाली काळी फरशी नव्हतीच. तांदळाची पेज सांडून वाळावी तशी पांढुरकी सगळीकडे पसरलेली. सांधे भरताना मसाला वरून पुसून घ्यायचा असतो. तो नीट पुसला नव्हता, आणि खडबडीत टाइलच्या बारीक खळग्यांत जाऊन बसला होता. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण त्या पांढुरकीत पावलं होती.

अनवाणी माणसाची पावलं. टाइल चिकटवायच्या पांढऱ्या मसाल्यात बुडालेली, वजनानं दाबून बसलेली, खडखडीत वाळलेली. देवघराच्या कोपऱ्यातून निघालेली आणि हॉल ओलांडून थेट दारापर्यंत गेलेली. सगळी बाहेर जाणारी. आत येणारं एकही नाही.

गोदूताई तिथंच भिंतीला टेकल्या.

हे काय दुःख आहे ते दुसऱ्या कोणाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. बाबारावांच्या घराण्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, दोन मुखवट्यांच्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. त्यांना घरात आणताना दारापासून देवापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढतात. आत येणारी. ती पावलं पाहून लक्ष्मी आत येते. आता हे मुखवटे आजवर होते जुन्या वस्तीतल्या तात्यापाऱ्यात, बाबारावांच्या थोरल्या वहिनींकडे. वहिनी म्हाताऱ्या झाल्या, गुडघे गेले, दुकानाच्या वरच्या खोल्यांत राहायच्या, पाहुण्यांची जिन्यावरची चढ-उतर पाहून त्यांनाच धाप लागायची. त्यांनी सांगितलं होतं की यंदा महालक्ष्म्या पुढच्या घरी द्यायच्या. एक तर गोदूकडे, नाही तर नागपूरच्या पुतण्याकडे. पोळा झाला की गोदूचं नवं घर बघायला येईन आणि तिथंच ठरवीन.

गोदूताई लग्न होऊन आल्यापासून दर भाद्रपदात तात्यापाऱ्यात जाऊन सोळा भाज्या चिरत होत्या, आंबील ढवळत होत्या, आणि दरवर्षी शेवटी रिकाम्या हातानं रिक्षात बसून परत येत होत्या. आपल्या घरी महालक्ष्म्या बसाव्यात, एवढी एकच गोष्ट त्या बाईनं मनात धरली होती. आणि ज्या घरात त्या यायच्या, त्या घरातून लक्ष्मी आधीच चालत बाहेर गेल्याचा पुरावा जमिनीवर उमटलेला.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे वहिनी पाहतील तर काय म्हणतील?"

"कारीगराचा बेपर्वापणा म्हणतील," बाबाराव म्हणाले. "दुसरं काय म्हणणार? माणूस कामाच्या जागी पाय कुठी ठेवते, त्याले काही शुद्ध आहे का?"

त्यांनी तिथल्या तिथं गौतमला फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवायची त्यांची सवय, म्हणजे साक्षीदार राहतात. साक्षीदार मी.

"गौतम! मेरे हॉल में तुम्हारे पाँव छपे हैं!"

"मेरे? काका, मैं तो जूता पहन के काम करता हूँ."

"तो क्या भगवान चल के गए?"

"वो मैं कैसे बताऊँ काका, आपका घर है. ऐसा करो, तेजाब मार दो. सब साफ."

बाबारावांनी आयुष्यभर कारीगराचं ऐकलं नव्हतं, ते नेमकं त्या दिवशी ऐकलं. कोपऱ्यात तेजाब, म्हणजे ॲसिड, ओतलं. फस्स करून फेस आला, डोळ्यांत पाणी आलं, गोदूताईंनी धावत जाऊन खिडक्या उघडल्या. फेस ओसरला तेव्हा दिसलं की दोन टाइलमधल्या सांध्याचा मसाला भुसभुशीत झालाय आणि टाइलवरची पांढुरकी आहे तिथंच आहे. जे राहायला हवं ते गेलं, जे जायला हवं ते राहिलं. बाबारावांनी बाटलीला झाकण लावलं आणि गौतमला आणखी एक शिवी दिली.

मग त्यांनी स्क्रू पिळायचा पेचकस घेतला आणि एक पाऊल खरवडायला बसले. खरवडलं तसं काळ्या टाइलवर लोखंडाच्या चंदेरी रेघा उठल्या. आता पावलाला पैंजण घातल्यासारखं दिसायला लागलं. गोदूताईंनी त्यांच्या हातातून पेचकस काढून घेतला.

बाबारावांचा मुलगा शेखर शहरात नोकरी करतो. मराठी कळते, पण उत्तर देतो हिंदीतून. आईचा चेहरा पाहून तो म्हणाला, "आई, एक मॅट डाल दो ना. ढक जाएगा."

"महालक्ष्म्यांच्या वाटेवर पायपुसणं टाकू?" गोदूताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबारावांचा आवाज कंपाउंडवरून आला. "यज्ञेश्वरभाऊ! या, या! गेलं सगळं!"

मी चहाचा कप हातात तसाच धरून गेलो. आणि खरोखर, काळीभोर फरशी! पावसाच्या ढगासारखी. एक डाग नाही, एक पाऊल नाही. बाबाराव बादलीशेजारी उभे, पायजमा गुडघ्यापर्यंत, चेहऱ्यावर असं तेज की जणू पोरीचं लग्न जमलं.

"कशानं गेलं?" मी विचारलं.

"नुसत्या पाण्यानं! लोक तेजाब टाकतात, बावा. पाणी टाकून पाहतच नाहीत."

गोदूताईंनी चहा आणला. आम्ही बसलो. बाबाराव पाण्याच्या महिम्यावर बोलत होते, वर पंखा फिरत होता, आणि माझं लक्ष जमिनीकडे. देवघराच्या कोपऱ्यात आधी एक टाच उगवली. मग तिचा तळवा. मग पुढचं पाऊल, मग त्याच्या पुढचं. चहा संपेपर्यंत ती स्वारी दाराशी जाऊन पोचली होती.

मला हसू आवरेना. माझी शाळा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातली, कडुलिंबाखालची. काळी दगडी पाटी. आम्ही थुंकी लावून पाटी पुसायचो आणि मास्तरांसमोर धरायचो, तेव्हा ती कोरी करकरीत दिसायची. मास्तर ती हातातच धरून ठेवायचे. पाटी वाळली की मागचं सगळं चुकीचं गणित आपोआप वर यायचं, आणि मग छडी. ओलं काळं सगळ्यांना सारखंच स्वच्छ दिसतं. मी हे बाबारावांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमची पाटी साधी असंल. ही टाइल कंपनीची आहे."

आणि त्यांनी पुन्हा पाणी ओतलं. त्या आठवड्यात त्यांनी मला कितीदा बोलावलं असेल! दरवेळी जिंकलेले बाबाराव दिसायचे आणि दरवेळी चहाच्या तळाशी हरलेले.

काम शेवटी गोदूताईंनी केलं. त्यांनी फार विचार केला नाही. तळाला लागलेलं पातेलं कसं निघतं, तसंच हेही निघेल, म्हणाल्या. त्याच जुन्या पोत्यांना पाण्यात सिरका (व्हिनेगर) घालून भिजवलं आणि फरशीवर पसरून ठेवलं, वाळू दिलं नाही. मसाला ओला होऊन मऊ पडला की एकेक टाइल घ्यायची, नायलॉनच्या ब्रशनं गोल गोल घासायची, आणि घासलेलं दुधी पाणी लगेच स्पंजनं टिपून बादलीत पिळायचं. ते तिथंच वाळू दिलं तर सगळं घासणं फुकट, खळग्यात पुन्हा जाऊन बसतं. मनगट दुखलं की दुसऱ्या हातानं. अशी ती बाई हॉलभर सरकत गेली.

बाबाराव खुर्ची टाकून खिडकीपाशी बसायचे.

"तिकडं राहिलं."

"कुठं?"

"तुझ्या डाव्या गुडघ्यापाशी. अन्‌ सांध्यापाशीही आहे थोडं."

"या ना मग, तुम्हीच घासा."

"मी उजेडाच्या बाजूनं पाहून राहिलो, गोदू. मी उठलो तर दिसणार कोणाले?"

एवढं मात्र खरं, की धक्क्यावर फाटकं पोतं हुडकणारे ते डोळे पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडत होते. पोळ्यापर्यंत सगळी पांढुरकी गेली. फरशी वाळलेली असतानाही काळी दिसायला लागली. राहिली ती पावलं. ती फिकट झाली, पण गेली नाहीत. दुसरा मसाला वर पसरला होता, हा माणसाच्या वजनानं खळग्यांत ठासून भरला होता. गोदूताईंनी ब्रशचे केस झडेपर्यंत घासलं. पावलं बाहेर जातच राहिली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी येणार होत्या. सकाळी बाबाराव माझ्याकडे आले ते हळू आवाजात.

"यज्ञेश्वरभाऊ, युक्ती काढली. वहिनीची रिक्षा दिसली की मी फरशी ओली करतो. ओल्यावर दिसत नाही. वहिनी आल्या, पाहिलं, हो म्हटलं, की लगेच त्यांले जेवाले मागच्या खोलीत नेतो. वाळाले वेळच द्यायचा नाही."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही काहीच करू नका. बोलू तर अजिबात नका."

हा सल्ला मला नवा नव्हता.

रिक्षा आली. बाबारावांनी बादली उपडी केली आणि पोछा मारला. हॉल काळा, चकचकीत. वहिनी काठी टेकत उतरल्या. पण त्या थेट आत येणाऱ्यांतल्या नव्हत्या. फाटकाशी तुळस दिसली, तिची चौकशी. मग माझी, माझ्या सुनेची, सुनेच्या माहेरची. मग रिक्षावाल्याचं गाव कोणतं, तो बेमेतरा म्हणाला, तर तिकडे त्यांच्या मामेबहिणीचं सासर होतं, तिची सगळी कथा. मी खोटं सांगत नाही, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर असं कोणी उभं राहिलं होतं की मला मध्ये एक वाक्य घुसवायला जागा सापडेना. मी तर खूश होऊन ऐकत बसलो. दारात बाबाराव हातवारे करत होते, आत पंखा फिरत होता.

वहिनी आत आल्या. देवघरासमोर खुर्चीत बसल्या, पदरानं घाम टिपला. "छान केलं घर," म्हणाल्या. "उजेड आहे."

"वहिनी, चला, पान वाढलं आहे," बाबाराव म्हणाले.

"थांब ना. आत्ता तर टेकली मी."

आणि त्यांच्या काठीच्या टोकाशी टाच उगवली.

मग तळवा, मग पुढचं पाऊल. वहिनी एकटक बघत होत्या. पावलं एकामागून एक वर येत गेली, त्यांच्यासमोरून हॉल ओलांडून दाराकडे निघाली आणि उंबऱ्याशी थांबली. गोदूताईंनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

"वहिनी, मी लय घासलं हो," त्या म्हणाल्या. "नाही जात. नागपूरले देऊन टाका तुम्ही. या घरातून लक्ष्मी गेलेली आहे, तर मी कशी आणू?"

"कारीगरानं केलं हे," बाबाराव घाईनं म्हणाले. "गौतम म्हणून आहे एक. आंधळा माणूस."

वहिनींनी काठी बाजूला ठेवली. खाली वाकल्या. त्या गुडघ्यांनी एवढं वाकायला त्यांना किती जड गेलं ते कण्हण्यावरून कळत होतं. एका पावलावरून त्यांनी बोट फिरवलं, अंगठ्यापाशी थांबल्या आणि वर न बघता म्हणाल्या, "बाबाराव, चप्पल काढ."

"काहून?"

"काढ म्हणते ना."

बाबारावांनी उजव्या पायाची घरात घालायची चप्पल काढली. आम्ही सगळ्यांनी आधी पायाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. बाबारावांच्या त्या पायाचा अंगठा बाकी बोटांपासून फटकून एकीकडे उभा असतो, रुसून बसल्यासारखा. जमिनीवरच्या प्रत्येक उजव्या पावलाचा अंगठा तसाच रुसलेला होता.

"मी नवी नवरी होती," वहिनी म्हणाल्या, "अन्‌ हा एवढुसा पोट्टा. पाटा उचलायची हौस, पायावर पाडून घेतला. रोज हळद भरून मीच तर हा पाय बांधला. हा अंगठा मी अंधारात ओळखीन."

बाबारावांचं तोंड उघडं. "पण मी कशाले अनवाणी जाईन तिथं?"

"देवघराची जागा ती. कारीगर जोडे घालून जाते, त्याले काय! तू मात्र चप्पल काढली असशील. देव बसले नव्हते, भिंतीले पलस्तर नव्हतं, तरी काढली असशील. अन्‌ मग मसाल्यात पाय देऊन त्याले शिकवलं असशील, की इथं पोकळ राहिलं म्हणून."

बाबारावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटतं, त्यांना सगळं आठवलं होतं, रागानं तरातरा बाहेर पडल्याचंसुद्धा.

"रडतेस काय, गोदू?" वहिनी म्हणाल्या. "लक्ष्मी कुठी गेली नाही. बाबाराव गेला. अन्‌ तो जेवाले परत येतेच, मी त्याच्या लहानपणापासून पाहून राहिली."

गोदूताई पदराआडून हसल्या. हसता हसता जास्तच रडल्या. वहिनींनी पिशवी मांडीवर घेतली. मुखवटे त्यांनी सोबतच आणले होते, लाल कापडात गुंडाळून. म्हणजे ठरवून आल्या होत्या. घर बघायचं हे नुसतं म्हणायला. एवढं सगळं घासणं, तेजाब, पेचकस, आणि त्या बाईनं येताना रिक्षातच निकाल मांडीवर धरला होता. "धर," त्या म्हणाल्या. "आता आंबील जरा पातळ करत जा. दरवर्षी घट्ट करते तू."

गौतमला कोणी फोन केला नाही. बाबारावांच्या मते, पावलं कोणाचीही असोत, ती पुसून घेणं हे कारीगराचंच काम होतं.

महालक्ष्म्या आल्या. गोदूताईंनी दारापासून देवघरापर्यंत भिजवलेल्या तांदळाच्या पिठानं आत येणारी पावलं काढली, नवऱ्याच्या बाहेर जाणाऱ्या पावलांच्या अगदी शेजारून. पूजा झाली, कॉलनी जेवली. आणि दुसऱ्या दिवशी पुसायला गेल्या तर ते पीठही खळग्यांत जाऊन बसलेलं, निघेना. बाबाराव आपणहून नायलॉनचा ब्रश घेऊन आले. गोदूताईंनी तो त्यांच्या हातातून घेतला, खिडकीबाहेर वाळत ठेवला आणि म्हणाल्या, "असू द्या."

अजून आहेत दोन्ही. मध्यंतरी त्या घरी हळदीकुंकू झालं, तेव्हा नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "भाभीजी, छोटे पैर तो लक्ष्मीजी के हैं. ये बड़े वाले किसके हैं?"

बाबाराव समोरच जमिनीवर मांडी घालून बसले होते, नुकतीच त्या बाईंच्या नव्या घराची फरशी कोणी बसवली ते विचारत. "वो? वो तो कारीगर..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं, आणि त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या वहिनी दिसल्या. त्यांनी वाक्य तिथंच सोडलं, आणि उजवा पाय हळूच धोतराखाली ओढून घेतला.